होलुबी गल्लीची पाटी

शनिवार, २४ ऑगस्ट १९६८. सकाळी साडेआठ वाजता प्रागच्या जुन्या शहरातल्या, अलोइस कुबिचेक यांच्या वाट्याला आलेल्या नऊ गल्ल्यांमध्ये, रस्त्याच्या नावाची एकच पाटी भिंतीवर उरली होती. ती होलुबी गल्लीची. तिच्याखाली स्टुलावर उभे राहून कुबिचेक तिचा शेवटचा स्क्रू काढत होते.

बुधवारी पहाटे रशियन रणगाडे शहरात शिरले होते. कालपासून रेडिओ सांगत होता की पाट्या काढा, घरांचे क्रमांक पुसा; शहर आपल्याला तोंडपाठ आहे, पाहुण्यांना नसले तरी चालेल. पाट्या उतरवताना बाकीच्यांनी त्या सरळ नदीत टाकल्या. कुबिचेकांनी मात्र प्रत्येक पाटीच्या मागे ती कुठल्या भिंतीवरची हे पेन्सिलीने लिहिले आणि ती खांद्यावरच्या पिशवीत ठेवली. पाट्या परत लावायच्या आहेत, याविषयी त्यांच्या मनात शंका नव्हती.

चार नंबरच्या घराच्या तळघरातून त्यांची मुलगी क्वेता वर आली. तीन दिवस संपूर्ण शहर रेडिओवर जो आवाज ऐकत होते तो तिचा होता आणि तो याच तळघरातून निघत होता.

"बाबा, त्यांच्या रेडिओ शोधणाऱ्या गाडीनं ही गल्ली हेरलीय. नदीपलीकडे दुसरं प्रक्षेपणयंत्र जोडताहेत, त्याला दहा वाजतील. तोवर मला इथूनच बोलावं लागणार. कुणी विचारलं तर उलट्या दिशेला पाठवा."

"म्हणजे खोटं सांगू?"

"आजच्या दिवस."

"क्वेता, तीस वर्षांत मी कुठल्या पाहुण्याला पुलाचं सालसुद्धा चुकीचं सांगितलेलं नाही. आता एकसष्टाव्या वर्षी खोटं बोलायला गेलो तर माझा चेहराच चहाडी करेल."

"मग निदान तोंड बंद ठेवा," क्वेता म्हणाली आणि जिना उतरता उतरता हसली, "तेही तुम्हाला जमत नाही म्हणा."

कुबिचेकांनी स्टूल दाराआड ठेवले आणि पिशवी खांद्याला लावून ते घराकडे निघाले. नऊ गल्ल्यांची नावे त्यांनी चोख पुसली होती. एक गोष्ट मात्र त्यांच्या ध्यानातून निसटली. रोजच्या सवयीने, घराबाहेर पडताना, त्यांनी कोटावर बिल्ला लावला होता: अधिकृत मार्गदर्शक, रशियन भाषा.

दारूगोळ्याच्या जुन्या बुरुजाजवळ पावाच्या रांगेसमोर कॅप्टन झुयेव दोन शिपायांसह उभा होता. गर्दीमुळे जीप मागेच अडकली होती. हातातला कागद दाखवून तो एकेकाला विचारत होता. रांगेतल्या प्रत्येकाला शाळेत सक्तीने रशियन शिकवलेले होते. आज त्यातला एक शब्दही कुणाला आठवत नव्हता. इतक्यात त्याची नजर बिल्ल्यावर पडली.

"म्हातारबुवा! इकडे या. होलुबी गल्ली ठाऊक आहे?"

कुबिचेकांचा हात बिल्ल्याकडे गेला, पण उशीर झाला होता. "आहे," ते म्हणाले.

"चला, दाखवा."

"चला. मात्र कॅप्टनसाहेब, जुन्या शहरात सरळ रस्ता नाही."

हेही खरेच होते. पहिली दहा पावले टाकेपर्यंत कुबिचेकांना आपण काय करणार आहोत हे कळले नव्हते. अकराव्या पावलाला कळले. खोटे बोलणे आपल्याला येत नाही. पण संपूर्ण शहर दाखवल्यावाचून एकाही पाहुण्याला आपण आजवर सोडलेले नाही.

रांगेतून त्यांच्या इमारतीची राखणदार शेबेस्तोव्हाबाई ओरडली, "वा, कुबिचेक! कुणाची वरात काढलीत? लाज काय बुरुजावर टांगून आलात?"

त्यांनी मान वळवली नाही. पिशवीतल्या पाट्या किणकिणल्या.

चौकात धर्मसुधारक हुसच्या पुतळ्यावर कुणीतरी काळे कापड बांधले होते. नगरभवनाच्या जुन्या घड्याळाखाली कुबिचेक थांबले. "नऊ वाजायला एक मिनिट आहे. हे दाखवल्याशिवाय पाहुण्यांना पुढे नेत नाहीत."

"मला वेळ नाही!"

पण शिपायांनी केव्हाच माना वर केल्या होत्या. घड्याळावरच्या सांगाड्याने दोरी ओढली, खिडक्यांतून एकामागून एक बारा प्रेषित सरकले, शेवटी कोंबडा आरवला. एका शिपायाचे तोंड उघडेच राहिले.

तिथून नदी. पलीकडच्या टेकडीवर एक प्रचंड रिकामा चौथरा होता. कॅप्टनने विचारले, "तिथं काय होतं?"

"स्टालिन. उंची साडेपंधरा मीटर, मागे कामगार आणि सैनिक. अनावरण १९५५. लोक त्याला मटणाच्या दुकानापुढची रांग म्हणत."

शिपाई फिसकन हसला आणि लगेच खोकला.

"कुणी पाडला?"

"आम्हीच, १९६२ साली, सुरुंग लावून. वरून तसं कळवलं होतं. वर कोण असतं, ते तुम्हाला माझ्यापेक्षा ठाऊक."

कॅप्टनने कागदाची घडी घातली आणि तो पुलाच्या तोंडापर्यंत चालत गेला.

"या पुलावरून जाता येतं का?"

"येतं," कुबिचेक म्हणाले. जाऊन परत यावे लागते, हे कॅप्टनने विचारले नव्हते. "पायाचा दगड १३५७. बांधणी वालुकाश्माची, कमानी सोळा."

पुलाच्या मध्यावर एक तरुण आडवा आला, बिल्ल्याकडे पाहून त्यांच्या कोटावर थुंकला. कुबिचेकांनी बाहीने कोट पुसला. पुढच्या पुतळ्याचे साल त्यांनी मनात दोनदा तपासून सांगितले.

परतताना ते वेगळ्या गल्ल्यांनी, चर्चच्या मागच्या बाजूने चौकात आले. कॅप्टनला चौक ओळखू आला नाही. त्याच क्षणी सांगाड्याने दोरी ओढली, प्रेषित सरकले आणि कोंबडा आरवला.

"कॅप्टनसाहेब," शिपाई म्हणाला, "हा मघाचाच कोंबडा!"

कॅप्टनने कुबिचेकांची कॉलर धरली. "मला गोल फिरवलंस?"

"फिरवलं."

"खोटं बोललास!"

"एक अक्षर नाही. कुठलंही साल कुणालाही विचारा. कुणी उत्तर दिलंच तर."

"गल्ली कुठे आहे?"

कुबिचेकांनी दहाचे ठोके पुरे होऊ दिले. मग पिशवीतून लाल पाटी काढून छातीसमोर धरली. "ही. इथून दोन मिनिटांवर. मला ठाऊक नाही असं मी कधी म्हटलेलं नाही."

कॅप्टनचा हात पिस्तुलाकडे गेला. चौकातली गर्दी जवळ सरकली. तिच्यातून शेबेस्तोव्हाबाई पुढे आली आणि कुबिचेकांच्या शेजारी उभी राहिली.

"घाला गोळी," ती म्हणाली. "पण मग रस्ता कोण दाखवणार? आम्हाला तर रशियन येत नाही." हे तिने अस्खलित रशियनमध्ये सांगितले.

शिपाई जमिनीकडे पाहू लागले. कॅप्टनचा हात खाली आला.

होलुबी गल्लीत पोहोचल्यावर कुबिचेकांनी दाराआडचे स्टूल काढले, पाटी जागेवर लावली आणि चारही स्क्रू घट्ट पिळले. "खात्री करून घ्या," ते म्हणाले. तळघरात एक टेबल, तुटलेल्या तारा आणि अर्धा कप कोमट कॉफी सापडली. कॅप्टनने वर येऊन हात पुढे केला. "बिल्ला."

कुबिचेकांनी तो काढून दिला. "मागे क्रमांक आहे. माझं नाव त्यावरून सापडेल. कुबिचेक. त्यातला च लिहायला चुकू नका."

कॅप्टन कोपऱ्यावरून वळला. कुबिचेक पुन्हा स्टुलावर चढले आणि त्यांनी पहिला स्क्रू सैल केला. समोरच्या खिडकीतला रेडिओ खरखरला आणि नदीपलीकडून क्वेताचा आवाज गल्लीत आला. मागोमाग आलेल्या शेबेस्तोव्हाबाईने मनगटावरच्या घड्याळात पाहिले. स्टूल तिनेच धरले होते.

प्रक्षेपण बंद राहिले ते एकूण अकरा मिनिटे.