पिवळ्या पाठीचे सहा उंदीर

मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. मित्रांनो, एका पत्राचं उत्तर वेळेवर गेलं नाही, यात माझाही थोडा दोष असावा, असं मला अजून वाटतं.

पत्र तिसगावच्या भिमाजीचं होतं. साल १९४६. 'गावातल्या दोन घोड्या सर्रा तापानं मेल्या. आमची एकच आहे. आपल्याकडं लस निघाली म्हणतात. घोडी टोचायला आणू का?' डॉक्टर यज्ञेश्वरांनी ते पत्र महिनाभर माझ्या पायाखाली दाबून ठेवलं.

नगरच्या त्या लहान प्रयोगशाळेत मी खिडकीशी असे. आरशावर ऊन घ्यायचं आणि उंदराच्या शेपटीतल्या रक्ताचा थेंब मोठा करून दाखवायचा, एवढंच माझं काम. सर्राचे जंतू त्यात वळवळताना दिसत. डॉक्टरांनी बारा पांढऱ्या उंदरांपैकी सहांना मेलेल्या जंतूंची लस टोचली आणि ओळखीसाठी त्यांच्या पाठीला हळद लावली. पिंजरा एकच होता. तीन आठवड्यांनी बाराही जणांना जिवंत जंतू टोचले. पिवळ्यांतले चार जगले. पण लस न दिलेल्या साध्यांतलेही दोन जगले, आणि सर्रा तर एरवी उंदराला सोडत नाही. डॉक्टर माझं भिंग पुन्हा पुन्हा पुसत. मलाही वाटू लागलं, आपलीच नजर गेली.

शेवटी एके दुपारी त्यांनी पत्र मोठ्यानं वाचलं. पिंजरा झाडणाऱ्या कडूबाईनं हातातला झाडू खाली ठेवला.

"डाक्टरसाहेब, जंतू द्यायच्या आदी पोळा आल्ता. तवा मी उंदरं धुतली."

"धुतली?"

"बैलं धुत्यात, मग ह्यांनीच काय घोडं मारलं? हळद गेली. मंग सहा जनांना अंदाजानं परत लावली."

कडूबाईनं बोटांवर मोजलं. "सहा टोचली हुती, सहाच वाचली. म्हंजी वाचलेली तीच की! आनू द्या घोडी."

"असेलही, कडूबाई. पण ते आपण मानलं, पाहिलं नाही. त्याची घोडी एकच आहे."

त्यांनी लिहिलं, 'घोडी आणू नका. आमच्याकडून खुणा पुसल्या गेल्या. प्रयोग नव्यानं करतो. तोवर गोमाश्यांपासून जपा, गोठ्यात धूर करा. उत्तराला उशीर झाला, क्षमा असावी.' कडूबाईचं नाव त्यात नव्हतं.

मित्रांनो, आता मी कपाटात असतो. माझं भिंग मऊ कापडानं पुसत जा. पण मी फक्त थेंब दाखवतो. तो कोणाचा, हे मला कळत नाही. ती खूण तुम्हीच जपायची.

त्या दिवशी डॉक्टर स्वतः रस्ता ओलांडून गेले. खिडकीतून मला टपालाची लाल पेटी दिसत होती. त्यांनी पाकीट अर्धं आत सरकवलं, क्षणभर थांबले, आणि सोडून दिलं.