चिमूटभर देवीचं

"आमच्या घराण्यात आजपावेतो कोणासही अन्न बाधलेले नाही आणि यापुढेही बाधणार नाही!"

श्रावणातल्या एका सकाळी पितांबर पाटलांनी ओसरीवर जमलेल्या सगळ्या भाऊबंदांसमोर हे जाहीर केलं. एरवी ते चारचौघांसारखे अहिराणीच बोलत. पण काही भारी सांगायचं झालं की ठेवणीतला फेटा काढावा तशी कचेरीतली मराठी काढत. वाक्य दणदणीत झालं यात शंका नाही. फक्त ते बोलताना पाटील ओसरीच्या मधल्या खांबाला पाठ लावून म्हशीसारखे वरखाली घासत होते, त्यामुळे 'बाधणार नाही' मधला 'ना' जरा लांबला.

खांबाचं कोणी मनावर घेत नसे. आबांना विचार करताना पाठ घासायची सवय आहे, असं घर धरून चाललं होतं. सागाचा तो खांब पाटलांच्या पाठीच्या उंचीला आरशासारखा गुळगुळीत झाला होता, इतका विचार त्या घरात झाला होता.

दाराआड नाकापर्यंत पदर ओढून उभी असलेली त्यांची सून धनुबाई हे ऐकत होती आणि तिची कानशिलं तापत होती. कारण हे वाक्य तिच्यासाठीच होतं. तिच्या सहा वर्षांच्या कमलला गहू बाधत होता. पाटलांच्या घरात गहू बाधणं म्हणजे तहसीलदाराच्या घरात शाई बाधण्यासारखं होतं.

तळोद्याच्या अलीकडच्या त्या काळ्या जमिनीत पाटलांचा गहू कमरेएवढा उभा राही. पण रोजच्या ताटात भाकरी असे ती दादर ज्वारीची. म्हणून पोर पाच वर्षं सुखानं वाढली. घात केला तो सणांनी. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पुरणपोळी खाल्ली की कमलच्या अंगावर गांधी उठत. "आंबा उष्ण पडना," असं म्हणून सगळे मोकळे होत. मग गेल्या श्रावणात कानबाईचे रोट आले.

खानदेशात श्रावणात कानबाई ही देवी बसली की घरातल्या प्रत्येक माणसाच्या नावानं गव्हाची एकेक मूठ बाजूला काढतात, हरभऱ्याच्या डाळीसोबत दळतात आणि त्याचे रोट करतात. ते रोट बाहेरच्याला द्यायचे नाहीत आणि घरच्यानं टाळायचे नाहीत. ज्याच्या नावची मूठ, त्यानं खाल्लंच पाहिजे. कमलनं गेल्या वर्षी आपला रोट भक्तिभावानं संपवला. घटकाभरात तिचे ओठ वांग्यासारखे फुगले, डोळे मिटले आणि श्वासाला शिट्टी लागली. धनुबाई पोरीला उभी छातीशी धरून उजाडेपर्यंत हिंडली. पोर वाचली. सकाळी घरातल्या शहाण्यांनी निकाल दिला, की पोरीच्या आईकडून सोवळ्यात काही चूक झाली असावी.

त्यानंतर औषधं सुरू झाली. वैद्यबुवांनी नाडी धरून सांगितलं, पोटात उष्णता आहे, गव्हाचं सत्त्व द्या. नंदुरबारच्या डॉक्टरांनी जीभ बघून सांगितलं, अशक्तपणा आहे, रव्याची खीर द्या. भगतानं दाणे टाकून सांगितलं, बाहेरची बाधा आहे, कणकेचा दिवा ओवाळा आणि तो दिवा पोरीला भाजून खाऊ घाला. तिघांचं आयुष्यात कधी कशावर एकमत झालं नव्हतं, ते नेमकं गव्हावर झालं.

धनुबाईनं तिघांना हात जोडले आणि स्वतःच शोधायला लागली. काय चालतं, काय चालत नाही, हे ती पोरीच्या ओठांवरून वाचायची. भात चालला. हरभऱ्याची डाळ चालली. दादरची भाकरी एके दिवशी चाले आणि एके दिवशी नाही. यावर ती महिनाभर रडकुंडीला आली, तेव्हा कुठे लक्षात आलं, की जात्यात आधी गहू दळलेला असला की मागाहूनची ज्वारीही तोच गुण घेऊन येते. मग तिनं माहेरून वेगळं जातं आणलं, वेगळा तवा ठेवला. त्यावरून घरात जे बोलणं झालं ते लिहायला हा कागद पुरायचा नाही.

"आमना जातामा काय इख शे का?" दगूबाईनं विचारलं. दगूबाई म्हणजे पाटलांची विधवा बहीण. घरातले सगळे तिला फुई म्हणत. देवघराची किल्ली आणि घराची अब्रू दोन्ही तिच्या कनवटीला असत.

राहता राहिली चव. सणाच्या दिवशी सगळी पोरं गोडाधोडाला बसलेली आणि कमलपुढे कोरडी भाकरी, हे धनुबाईला बघवेना. मग उन्हाळ्यात तिचा नवरा लोटन तिला गाडी जुंपून खापर गावच्या बाजाराला घेऊन गेला. लोटन हा ऐकून घेण्यात फार हुशार माणूस होता; बापाचंही ऐकायचा, बायकोचंही ऐकायचा, आणि त्यामुळे घरात त्याचं कोणीच ऐकत नसे.

बाजारात रेवाबाई नावाची डोंगरातली बाई बंटीची पाटी घेऊन बसली होती. बंटी म्हणजे डोंगरउतारावरचं बारीक धान्य. तिकडे ते रोजचं, पाटलांकडे ते चिमण्यांचं. धनुबाईनं मुठीत घेऊन वास घेतला.

"पाटीलनी बाई बंटी ली ऱ्हायनी?" रेवाबाई शेजारणीला ऐकू जाईल एवढ्यानं म्हणाली. "गहू सरना का वं, बाई?"

"सरना असता ते बरं व्हतं," धनुबाई म्हणाली आणि पायलीभर बंटी घेऊन आली.

पहिला रोट दगड झाला. दुसरा तव्यावरच विरघळला. मग तिनं पीठ गुळाच्या पाण्यात भिजवलं, हरभऱ्याच्या डाळीचं पीठ मिसळलं, तीळ लावले, मंद जाळावर भाजलं, आणि कमलनं तुकडा तोंडात घालून डोळे मोठे केले. धनुबाई घटकाभर तिच्या ओठांकडे बघत बसली. ओठ ओठांएवढेच राहिले. "आखो दे," कमलनं आणखीसाठी हात पुढे केला. आईनं पदर तोंडात कोंबला आणि हसली का रडली ते तिलाच कळलं नाही.

त्यानंतर ती वरचेवर ते रोट करून शिंकाळ्यावर ठेवी. एवढंच, की सकाळी त्यातला एखादा हटकून कमी भरे. कमल नाही म्हणे. धनुबाईनं मांजराला दोष दिला आणि शिंकाळं आणखी वर बांधलं. तरी रोट जातच राहिले. मांजर उंच असावं.

आता पुन्हा कानबाई आली होती आणि ओसरीवर पाटील गरजले होते. लोटननं आयुष्यात पहिल्यांदा तोंड उघडलं.

"आबा, उपासले भगर चालस. बंटी तिन्हीच बहीण शे. मंग कमलनी मूठ बंटीनी टाकी ते काय बिघडनं?"

पाटलांनी पाठ घासली. पुष्कळ घासली. आणि आश्चर्य म्हणजे ते म्हणाले, "ठीक आहे. एकवार प्रयोग करावा. मात्र त्या रोटानेही पोरीस त्रास झाला, तर दोष धान्याचा नसून पोरीच्या आईच्या रक्ताचा समजण्यात येईल, आणि मायलेकी दिवाळीआधी माहेरी रवाना होतील."

"म्हंजे कायमन्या," फुईनं अर्थ सांगितला.

धनुबाईनं अट पत्करली. रविवारी चौरंगावर नारळाची कानबाई बसली, नाकात नथ, अंगावर शालू. धनुबाईनं आपल्या जात्यावर बंटी दळली, आपल्या तव्यावर रोट भाजला, आपल्या हातानं झाकून देवीपुढे ठेवला. आरती झाली. दुपारी ओसरीवर पंगत बसली. कमलनं दोन घास खाल्ले, तिसरा हातात धरला, आणि म्हणाली, "माय, जीभ चावस."

मग ओठ फुगायला लागले.

पंगत थांबली. कोणी म्हणालं देवीचा कोप, कोणी म्हणालं सांगितलं नव्हतं का. पोरीनं भडाभडा ओकलं. धनुबाई तिला उभी धरून पाठीवरून हात फिरवत होती आणि तिच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती, की हे होणं शक्य नाही, बंटी मी दळली, तवा माझा, हात माझे. ओकारीनंतर पोरीचा श्वास हळूहळू मोकळा झाला. इतक्यात पाटील उठून उभे राहिले.

"प्रयोग झाला. लोटन, गाडी—"

"आनी मी ते त्यामा देवीनं चिमूटभर बी टाकेल व्हतं!" फुई हळहळून म्हणाली. "तरी पोरले गुण नही. आते काय म्हनवा या रक्तले!"

धनुबाई वळली. "काय टाकेल व्हतं, फुई?"

"गव्हानं पीठ. रोटना वरतून भुरभुरावं. तू पानी आनाले गयी व्हती ना, तव्हय." फुईला यात लपवण्यासारखं काही वाटत नव्हतं, उलट तिचा चेहरा पुण्यानं उजळला होता. "कोरडी बंटी देवीले कशी चालई? चिमूटभर देवीनं पीठ काय बाधस का कोनले?"

मग जे झालं ते त्या घरात कधी झालं नव्हतं. धनुबाईनं डोक्यावरचा पदर मागे टाकला. सासऱ्यानं लग्नानंतर पहिल्यांदा सुनेचं तोंड पाहिलं आणि ते त्याला अजिबात आवडलं नाही, कारण ते त्याच्याकडेच बघत होतं.

"वरीसभर मी या पोरना एकेक घास मोजीमापी देस," ती म्हणाली. "जातं येगळं करं ते तुम्ही हासनात. तवा येगळा करं ते माले भटीन म्हनेत. वैद म्हने गहू द्या, डाक्टर म्हने गहू द्या, भगत म्हने गहू द्या. मन्ही पोर निळी पडी ते कोनी दखं नही, मन्हं सोवळं दखं! आनी आज डोया चुकाडीसन पोरना ताटमा इख टाकतंस, आनी वरतून मन्हं रक्त खराब?"

"इख?" पाटील गरजले, आणि रागाच्या भरात मराठी विसरले. "पाटीलना गहूले इख म्हनस? दखा, सगळा दखा! मी खास!"

आणि ते मांडी घालून बसले. दगूबाईनं अभिमानानं वाढलं. पाटलांनी गव्हाचा एक रोट खिरीत बुडवून खाल्ला, दुसरा कढीत बुडवून खाल्ला आणि तिसरा नुसताच, केवळ तत्त्वासाठी खाल्ला. मग ढेकर देऊन उठले आणि विजयी चेहऱ्यानं खांबाला पाठ टेकवली.

आधी एकदा घासली. मग दोनदा. मग दोन्ही हात खांबामागे धरून असे काही वरखाली व्हायला लागले, की वरच्या तुळईतून माती पडली.

"आबा," कमल आईच्या खांद्यावरून म्हणाली. आवाज अजून बसका होता, पण ओसरीभर ऐकू गेला. "तुमना गळावर बी मन्हासारखं व्हयनं."

सगळ्यांनी पाहिलं. पाटलांच्या गळ्यावर, कानांमागे, बंडीच्या बाहीबाहेर लाल लाल गांधी उठल्या होत्या. कमलच्या हातावरच्या आणि त्या शेजारी ठेवल्या असत्या तर सख्ख्या बहिणी वाटल्या असत्या.

"तो विचार करी ऱ्हायना," फुई घाईनं म्हणाली.

"मंग मन्ही पोर बी जन्मफाईन विचारच करी ऱ्हायनी," धनुबाई म्हणाली. "आनी तो विचार तिले कोना घरमातून ऊना, ते दखी ल्या सगळा जन."

कोणीतरी हसलं. मग कोणीतरी खोकून ते हसणं झाकलं. एका म्हाताऱ्या भाऊबंदाला आठवलं, की पितांबरचा बापही आखाजीच्या दुपारी हाच खांब धरून उभा असे. लोक म्हणत, फार विचारी माणूस. फुई देवघराकडे बघायला लागली. 'गाडी' हा शब्द ऐकताच लोटननं बैल जुंपायला घेतले होते; आता कासऱ्याची गाठ, कोणी सांगितलं नसताना, त्यानं पुन्हा सोडली.

धनुबाईचा राग एवढ्यानं उतरला नाही, आणि का उतरावा? तिनं तिथल्या तिथं बजावलं, की पुढच्या कानबाईला कमलची मूठ बंटीची, तिच्या ताटाला कोणी बोट लावायचं नाही, आणि देवीला काही सांगायचं असेल तर ती थेट सांगेल, फुईच्या चिमटीतून नको. पाटलांनी कचेरीतल्या मराठीत काहीतरी सुरू केलं, "सदरहू प्रकरणी आमचे मत असे की," पण पुढचं पाठीनं बोलू दिलं नाही.

दिवेलागणीला पोरीची सूज उतरली. धनुबाई चुलीपुढे तिच्यासाठी नवा रोट थापत होती. थापट्या अजून रागाच्या पडत होत्या, त्यामुळे रोट जरा वाकडा झाला. मागच्या दारात कोणीतरी खाकरलं. पाटील होते. पाठीला खोबरेल थापलेलं, आणि सासऱ्यानं सुनेपुढे उभं राहावं तसे भिंतीकडे तोंड करून उभे.

"धनू," भिंतीला ते म्हणाले, "पुढला वरीसले मन्ही मूठ बी बंटीनी टाकजो. कोनले सांगू नको."

धनुबाईनं तव्यावरचा रोट उलटला.

पाटील तरी हलेनात. चौकटीला जरा पाठ टेकवली, घासली, आणि आवाज आणखी खाली आणून म्हणाले,

"आनी... गूळ जराखा जास्ती टाकजो. शिंकाळावरला रोटमा कमी पडस."