मूठ आन एक बोट

आमच्या म्हाताऱ्याला आजकाल चहाच्या आधी भाव लागतो. हळदीचा लागला असता तर मी काही बोलले नसते. मागची खोली हळदीच्या पोत्यांनी छताला भिडली आहे, तिचा भाव विचारायलाच पाहिजे. पण हा माणूस उठतो, चूळ भरतो, चष्मा कानाला अडकवतो आणि मोबाईल तोंडासमोर धरून विचारतो, "नव्या गेमच्या डब्याचा भाव निघाला का?" वय बहात्तर. मिशा पांढऱ्याफेक. गावात यांना किसनराव म्हणून मान आहे. म्हणजे होता.

"अवं, चहा निवून राहिला," मी म्हणते.

"थांब जरा. हा मोबाईलमधला पोरगा म्हणून राहिला, पन्नासच्या खाली येतच न्हाई."

"त्या पोराला घरी कामधंदा न्हाई का?"

"सोजरा, तुला बाजारातलं काय कळतं?"

हे वाक्य मी पंचेचाळीस वर्षं ऐकते आहे. शाळा माझी चौथीपर्यंतच झाली, पण मला आंधळी समजू नका.

आमचे हे कळमनुरीच्या बैलबाजारात दलाल होते. तिथं भाव तोंडानं बोलायची रीत नाही. विकणारा आणि दलाल समोरासमोर बसतात, हातांवर रुमाल टाकतात आणि रुमालाखाली एकमेकांची बोटं धरतात. एक बोट म्हणजे दहा हजार, चार बोटं म्हणजे चाळीस, आख्खी मूठ म्हणजे पन्नास. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी कुणाला काही कळत नाही. मूठ दाबली आणि मान हलली की सौदा झाला. मग आभाळ कोसळलं तरी तो मोडत नाही. यांच्या रुमालाखाली मोडलेला सौदा एक नाही, हे मी पण कबूल करते. पुढं गावोगाव ट्रॅक्टर आले, बैल कमी झाले. रुमाल तेवढा खांद्यावर राहिला.

आता डब्याचं सांगते. माझी नात वैष्णवी जूनपर्यंत आमच्याजवळच होती. माझ्या पोरानं, रविंद्रानं, तिला नांदेडहून जुना गेमचा डबा आणून दिला होता, टीव्हीला लावायचा. पोरगी त्यात शेती करायची. व्हय, शेती. ट्रॅक्टर चालवायचा, पेरायचं, काढायचं, विकायचं. म्हाताऱ्यानं पहिले आठ दिवस नाकं मुरडली. "घरचं रान सोडून टीव्हीत कुदळ मारून राहिली." नवव्या दिवशी पोरीनं रान उताराच्या दिशेनं नांगरलं आणि हे बाजेवरून उठले.

"अगं ए, आडवं नांगर! पाऊस पडला की सगळी माती ओढ्यात जाईन!"

"आबा, यात माती वाहत नसती."

"वाहत नसती म्हणून कसंबी नांगरायचं का? आण इकडं ते."

त्या दिवसापासून तो हातातला रिमोट यांच्या हातून सुटला नाही. संध्याकाळी सात वाजले की आजा आणि नात टीव्हीसमोर. यांची बोटं आखडलेली, बटण एक दाबायचं तर दोन दाबली जायची, ट्रॅक्टर विहिरीत. पोरगी हसून लोळायची. मी भाकरी थापता थापता दोघांना शिव्या द्यायचे. ते दिवस चांगले होते, आता कळतं.

जूनमध्ये रविंद्राला पुण्याच्या कंपनीत नोकरी लागली. सून ज्योती गेली, पोरगी गेली, तिचा डबा पण गेला. तिचाच होता, नेणारच. पण म्हातारा सात वाजता तसाच टीव्हीसमोर बसायला लागला. टीव्ही बंद.

"काय बघून राहिले?"

"बातम्या."

मी चुलीकडं वळले. माझं तोंड तिखट असलं तरी कुठं झाकायचं ते त्याला कळतं.

मग एक दिवस वैष्णवीचा फोन आला. नवा डबा येतोय म्हणे, दसऱ्याला. त्यात दोन गावचे दोघं एकाच रानात शेती करू शकतात. ही पुण्यात, आबा इथं, आणि बोलता पण येतं. नववीत चांगले मार्क पडले म्हणून बापानं तिला घ्यायचं कबूल केलं होतं.

"आबा, तुमी बी घ्या. अर्धं रान माझं, अर्धं तुमचं."

"घेतला!" म्हातारा ओरडला. "केवढ्याला?"

"ते अजून कंपनीनं सांगितलं न्हाई."

तेव्हा यांचा चेहरा बघायला पाहिजे होता. इतक्या वर्षांनी असा बैल भेटला होता, ज्याचा भाव कुणालाच माहीत नव्हता.

झालं. पारावर दुसरा विषय नाही. शेजारचा सोनाजी म्हणाला, चाळीसच्या वर जाणार नाही, टीव्हीपेक्षा डबा महाग असतो का कुठं. वसराम म्हणाला सत्तर, डॉलर चढला आहे. वसरामानं जन्मात डॉलर पाहिला नाही. हे मधे बसून दोघांचं ऐकायचे, मिशीवर बोट फिरवायचे आणि म्हणायचे, "भाव चेहऱ्यावर दिसत न्हाई, हाताला लागतो."

मी म्हटलं, "हळद इका आन बाजूला ठेवा पैसे."

"हळद आत्ता न्हाई. चढून राहिली."

चार वर्षांमागं पण चढूनच राहिली होती. एवढी चढली की उतरताना आम्हाला दिसली पण नाही, आणि वर पोत्यांना भुंगा लागला. भावाच्या बाबतीत हा माणूस दुसऱ्याच्या बैलाला जेवढा हुशार, तेवढा घरच्या मालाला खुळा.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी हे कळमनुरीला गेले. तिथं सोमेश्वर म्हणून एकाचं मोबाईलचं दुकान आहे, तो डबे पण मागवून देतो. संध्याकाळी परत आले ते नवरदेवासारखे, रुमाल खांद्यावर नीट घडी करून.

"सौदा झाला. पन्नास."

"कंपनीनं भाव सांगितला?"

"कंपनीचं काय घेऊन बसली? सोमेश्वरनं सबूद देला. मी चार बोटं धरली, त्यानं मूठ धरली. मी म्हणलं मंजूर. त्यानं मान हलवली."

तिशीतलं दुकानदार पोरगं, त्याला रुमालाखालचं काय माहीत? पण म्हातारा एवढा खुश होता की मी चहाचं आधण ठेवलं. त्यानं लगेच पुण्याला फोन लावला. "बाळा, आपला पक्का झाला. तू रान बघून ठेव. ओढ्याकाठचं घे, काळं असतंय." पोरगी तिकडं टाळ्या वाजवत होती.

पंधरा दिवसांनी भाव निघाला. साठ हजाराला एक रुपया कमी. तो एक रुपया वाचवून कंपनीनं कुणावर उपकार केले कोण जाणे. पारावर सोनाजी हरला, वसराम हरला, आणि आमचे हे हसत होते. "मला काय त्याचं? माझा पन्नासचा झालेला है."

दुसऱ्या दिवशी मी पण यांच्यासोबत कळमनुरीला गेले. बांगड्या भरायच्या आहेत असं सांगितलं. यांना एकट्याला जाऊ द्यायचं नव्हतं.

सोमेश्वर पोरगा वाईट नाही. त्यानं स्टूल दिलं, पाणी दिलं. यांनी खिशातून बयाण्याचे दोन हजार काढले आणि म्हणाले, "घे. बाकीचे माल आल्यावर. पन्नासचे."

"आबा, पन्नास कसे? कालच भाव आला, साठ है."

"आपलं ठरलं ना. त्या दिवशी. तू मूठ देली."

पोरगं गोंधळलं. माझ्याकडं बघितलं, यांच्याकडं बघितलं. "आबा, तुमी रुमाल टाकून हात धरला. मला वाटलं, मोठं माणूस है, हात मिळवून राहिलं. म्हणून मी बी दाबला."

दुकानात मोबाईलची काच बसवायला आलेलं एक गिऱ्हाईक होतं. ते हसलं. जोरात नाही, पण हसलं.

यांनी पुढं केलेला हात मागं घेतला. पैसे खिशात ठेवले. खांद्यावरचा रुमाल काढला, त्याची चार घड्या केल्या आणि तो पण खिशात घातला. पंचेचाळीस वर्षांत त्या खांद्यावर रुमाल नाही असं मी रस्त्यात कधी पाहिलं नव्हतं. बसमध्ये मी खिडकीतून बाहेर बघत राहिले, त्यांना माझ्याकडं बघावं लागू नये म्हणून.

रात्री पुण्याला फोन केला तेव्हा आवाज एकदम बाजारातला. "बाळा, आत्ता न्हाई घ्यायचा. नव्या मालाचा भाव पहिल्यांदा चढाच असतो. दिवाळीनंतर उतरन, उन्हाळ्यात अजून उतरन. आपुन थांबू."

"बरं, आबा," पोरगी म्हणाली. एवढंच.

सकाळी तिनं माझ्या फोनवर फोन केला. माझ्या फोनवर ती कधी करत नाही, मला ऐकू कमी येतं म्हणून ओरडावं लागतं.

"आजी, आबा रागावलेत का माझ्यावर?"

"तुझ्यावर? भावावर रागावले. का गं?"

"माझ्या मैत्रिणी मागतायत आबांचं अर्धं रान. मी नाही म्हटलं. मी पडीक ठेवणारे. आबा आले की पेरतील."

पोरगी जूनमध्ये गेली तेव्हा 'न्हाई' म्हणत होती. आता 'नाही' म्हणते. मैत्रिणी झाल्या. व्हायलाच पाहिजेत, चौदा वर्षांची आहे. पण चौदा वर्षांचं लेकरू म्हाताऱ्यासाठी रान किती दिवस पडीक ठेवील? दिवाळीपर्यंत ठेवील. संक्रांतीपर्यंत ते रिकामं रान मनाला खुपेल तिच्या. उन्हाळा येईपर्यंत त्यात दुसरं कुणी पेरलेलं असेल, आणि त्यात तिची काही चूक नसेल.

मी फोन ठेवला आणि सोनाजीला हाक मारली. त्याचा टेम्पो आहे. "उद्या सकाळी लाव दाराशी. दहा पोती हळद वसमतच्या बाजारात जायची."

"किसनरावाला इचारलं का, काकू?"

"हळद शिजवताना धूर कोणाच्या डोळ्यात गेला व्हता? गुमान टेम्पो आण."

मग मी मागच्या खोलीत गेले. म्हातारा पोत्यांच्या थप्पीजवळ पायरीवर बसला होता, मोबाईल बाजूला उपडा पडलेला. मी त्यांच्या सदऱ्याच्या खिशात हात घातला, रुमाल ओढून काढला, झटकला आणि समोर बसले. गुडघे कडकड वाजले.

"काय करून राहिली?"

"हात द्या."

दिला. मी वरून रुमाल टाकला. त्यांचा हात मी कितीदा धरला असेल, पण रुमालाखाली कधीच नाही. मी मूठ दाबली. मग सोडली, आणि एक बोट धरलं.

म्हातारा माझ्याकडं बघत राहिला. "साठ," हळूच म्हणाला. "तुला कोणी शिकवलं?"

"झोपेत माझा हात धरून बैल इकत व्हते तुमी. पंचेचाळीस वर्षं."

"पण सोजरा, जास्ती जाऊन राहिले. थांबलं तर पन्नासला..."

"तुमी ऐका आता. जन्मभर दुसऱ्याच्या बैलाचा भाव बराबर काढला, तिथं तुमचा हात कोणी धरला न्हाई. घरचं आलं की तुमाला थांबायचं सुचतंय. हळद थांबती, भुंगा लागला तरी थांबती. लेकरू थांबत न्हाई. पोरगी तुमच्यासाठी रान पडीक ठेवणार म्हणती, आन तुमी इथं भाव उतरायची वाट बघून राहिले. लाज वाटू द्या जराशी. सोनाजी सकाळी टेम्पो लावून राहिला, दहा पोती जातेत. सोमेश्वरकडं मी येते संग. हसणारा कोण है ते बघतेच मी. त्याच्याकडून दुसरा रिमोट बी घ्यायचा. काहून म्हणून इचारू नका, तुमच्या रानाच्या बांधावर मला तूर लावायची है. आता मान हलवा, सौदा झाला. आन तो रुमाल खांद्यावर टाका. उघडा खांदा बरा दिसत न्हाई तुमाला."