पाणी गेलं आणि मी निवलो

मी काटा बोलतोय. इंजिनातलं पाणी किती तापलंय ते दाखवणारा काटा. माझी धडकी अजून गेलेली नाही, तेव्हा बोलताना थरथरलो तर सांभाळून घ्या.

गाडीत कारखान्याचा एक काटा होताच. पण तो मुलखाचा गुळमुळीत. पाणी ऐंशीवर असो की शंभरावर, हा आपला मध्यावर. शर्यतीच्या ट्रॅकवर असला साक्षीदार काय कामाचा? म्हणून ही गाडी जुळवणाऱ्या नेझूसानांनी मला आणलं आणि माझ्या तारेचं टोक थेट इंजिनाच्या पाण्यात बुडवलं.

ते इंजिन त्यांनी तीन हिवाळे खपून मुलीसाठी, काओरूसाठी, स्वतःच्या हातांनी उभं केलं होतं. "कान फसवतात. काट्यावर विश्वास ठेव," असं ते तिला बजावायचे. मी फुशारून जायचो.

हिवाळ्यातल्या गार हवेत जपानातल्या त्सुकुबाच्या ट्रॅकवर गाड्या सर्वांत वेगात पळतात, पण सकाळी पाणी लवकर तापत नाही. मग गार वारा अडवायला रेडिएटरपुढच्या जाळीवर चिकटपट्टी लावायची आणि ऊन वर आलं की काढायची. त्या दिवशी नेझूसानांनी लावली. नंतर डब्यातली गरम कॉफी आली, जुने दोस्त भेटले, गप्पा रंगल्या.

काओरू सुटली. मी नव्वदवर, शंभरवर, एकशे पंधरावर! तिने शहाण्यासारखा वेग कमी केला, इंजिनाची उष्णता ओढून घ्यायला हीटरही लावला. तेवढ्यात पुढे काहीतरी फुटलं आणि मी धाडकन सत्तरवर आलो.

मला काही उमगेचना. मग लक्षात आलं, नळी फुटून पाणी वाहून गेलंय. माझं टोक कोरडं पडलं होतं. मी नुसत्या हवेचं तापमान सांगत होतो, अगदी खरं सांगत होतो, आणि शेजारी इंजिन भाजून निघत होतं.

रेडिएटरच्या सांडलेल्या पाण्याचा गोडसर, जळका वास आत आला. काओरूने नाक मुरडलं, माझ्याकडे पाहिलं, "निवली एकदाची," असं पुटपुटली आणि पाय दाबला. मला ओरडायला तोंड नव्हतं. दोन वळणांनंतर इंजिन जाम झालं.

"काटा खाली होता, बाबा. तुम्हीच सांगितलं होतंत."

नेझूसान गाडीपुढे वाकले. पट्टी तशीच होती. त्यांनी ती सोलून काढली आणि मुठीत चुरगळली. "तुझं काही चुकलं नाही," ते म्हणाले. "ही काढायची मी विसरलो."

आता नवं इंजिन बसलंय. माझ्या शेजारी, पाणी गेलं की लगेच पडणारा, पाण्याच्या दाबाचा काटाही आलाय. मला राग नाही, उलट जिवात जीव आला. एवढंच मागणं आहे, मी चढलो तर घाबराच, पण अचानक उतरलो तर आधी गाडी थांबवा.

काल काओरू पुन्हा ट्रॅकवर निघाली. माझ्याकडे पाहण्याआधी तिने काच खाली केली आणि खोल श्वास घेऊन वास घेतला.