मागच्या दारांचा आवाज

नवी गाडी पाडव्याला घरी आली आणि पार्किंग लॉटमध्ये उभी केल्यावर अर्ध्या तासात पिवळी झाली. अमेरिकेत, मॉरिसव्हिलला त्या आठवड्यात पाइनच्या झाडांचा पराग असा काही उडत होता, की गाड्या, बाकं, शेजारणीचं कुत्रं, सगळ्यांनाच हळद लागल्यासारखं दिसत होतं.

"नवरी आपली आपणच हळद लावून आली," असं म्हणत शैलजाताईंनी बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. शैलजाताई म्हणजे निमिषची आई, स्वानंदीची सासू. सहा महिन्यांसाठी नाशिकहून आलेल्या, आणि येताना पूजेचं सगळं सामान घेऊन आलेल्या. चाकांखाली लिंबं ठेवून झाली. नारळ मात्र लांब, फुटपाथच्या कडेला फुटला, कारण रंगावर शिंतोडे उडतील अशी निमिषला धास्ती.

मग शैलजाताईंनी एक गोष्ट केली, जी त्या माठ, कलिंगड आणि पातेली घेताना जन्मभर करत आल्या होत्या. बोट दुमडून त्यांनी गाडीच्या मागच्या दारावर ठोकून पाहिलं.

टण्ण.

"अगं बाई. हे एवढंच?"

शेजारच्या जागेत जुनी गाडी उभी होती. त्याच मॉडेलची हॅचबॅक, फक्त पंधरा वर्षं थोरली. मोरपंखी रंगाची, म्हणून तिचं नावच मोरपंखी पडलेलं. शैलजाताई तिच्याकडे गेल्या, नातीच्या, इलाच्या बाळसीटच्या बाजूचं मागचं दार ठोकलं. मग ते उघडून लावून बघितलं.

धप्प.

"धप्प," स्वानंदीच्या कडेवरून इला म्हणाली. दीड वर्षाच्या इलाकडे मोजके शब्द होते, आणि हा त्यातला फार लाडका. ते दार लागलं की ती म्हणायचीच.

"बघा, पोरीलासुद्धा कळतं," शैलजाताई म्हणाल्या. "ही गाडी. आणि तो फरसाणाचा डबा."

निमिष खो खो हसला. "आई, तू घरात येणारं सगळंच वाजवून घेतेस का?"

"माठ, नारळ आणि माणूस, वाजवूनच घ्यावं."

"मग स्वानंदीला वाजवलं होतंस?"

"तिला कशाला? तिच्या घरच्यांनी तुला वाजवायला हवं होतं. पोकळ निघाला असतास."

सगळे हसले, स्वानंदी सोडून. ती अजून दोन्ही दारांकडेच बघत होती.

तसं बघायला गेलं तर ती शिकलेली बाई. इंजिनीअर झालेली, पुण्यात पाच वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग केलेलं. दारावर ठोकून गाडीची परीक्षा होत नसते, हे तिला समजत होतं. पण इला झाल्यापासून तिच्या डोक्यात दोन बायका राहायला आल्या होत्या. एकीला समजायचं, दुसरीला झोप यायची नाही. द्राक्षाचे चार तुकडे करून भरवणारी, बाळ झोपलं की त्याच्या नाकाखाली बोट धरून श्वास बघणारी ती दुसरी. आणि त्या दुसरीने टण्ण ऐकलं होतं.

पुढचे काही दिवस ती दोन्ही गाड्यांभोवती घिरट्या घालत राहिली. मोरपंखीचा डॅशबोर्ड हाताला मऊ लागायचा, नवीचा कडक, नखाने वाजणारा. मोरपंखीची बटणं जाड, कट्‌कन बसणारी, डोळे रस्त्यावर ठेवून बोटांना सापडणारी. नवीत एसी कमी करायचा तर स्क्रीनवर शोधत बसा. तिथे चकचकीत काळं प्लास्टिक होतं, त्यावर इलाचे बिस्किटाचे पंजे पहिल्याच दिवशी उमटले. मोरपंखीची डिकी उघडायला दोन हात लागायचे, नवीची एका बोटाने वर जायची. यातही स्वानंदीला वजन कमी केल्याचाच पुरावा दिसला.

"पत्रा पातळ केलाय त्यांनी," तिने निमिषला चहाच्या वेळी सांगितलं.

"पातळ म्हणजे कच्चा नाही ना यार. ते पोलादच वेगळं असतं आता. पुढचा भाग मुद्दाम चेपतो, म्हणजे आतल्या माणसाला धक्का कमी. एअरबॅग्ज जास्त आहेत, समोर काही आलं तर आपोआप ब्रेक लागतो. क्रॅश टेस्टचे व्हिडिओ आपण दोघांनी बघितलेत, तू तर तीनदा."

"बघितलेत. त्यात पुतळे होते. इला नव्हती."

बिचाऱ्या निमिषने चहात बिस्किट बुडवलं आणि ते तुटून तळाशी गेलं.

खरी अडचण वेगळीच होती. मोरपंखी शनिवारी शंतनूला द्यायची होती. ही गाडी अशीच आली होती, हातोहात. आता दुसऱ्या राज्यात, पार्सिपनीला गेलेल्या राजीवकाकांनी ती नवीकोरी घेतली होती, तेव्हा ते इथेच राहायचे. जाताना त्यांनी ती एका नव्याने आलेल्या जोडप्याला दिली, ते पुण्याला परतताना दुसऱ्यांना, आणि त्यांच्याकडून निमिषकडे. नव्याने येणाऱ्याला अमेरिकेत पहिल्यांदा काय लागतं, तर गाडी. आता शंतनू नागपूरहून आला होता. त्याची बायको केतकी, तिचे दिवस भरत आले होते. शब्द देऊन महिना झाला होता.

आणि स्वानंदीने अजून इलाची सीट मोरपंखीतून काढली नव्हती. रोज काहीतरी कारण निघायचं. शुक्रवारी कारणं संपली.

"निमिष, मी इलाला त्या नव्या गाडीत नाही बसवणार. दोन्ही ठेवूया. नवी तू ऑफिसला ने. मोरपंखी माझ्याकडे राहू दे."

"आणि शंतनू? केतकीला हॉस्पिटलला उबरने न्यायचं त्याने?"

"त्यांना आपण दुसरी शोधून देऊ."

"दोन आठवड्यांत? स्वानंदी, शब्द दिलाय गं."

"मला माहितेय शब्द दिलाय!" तिचा आवाज चढला आणि लगेच भरून आला. "मला लाजपण वाटतेय. पण उद्या काही झालं, आणि चांगली गाडी मी माझ्या हाताने देऊन टाकली होती, तर?"

निमिष म्हणाला, "ठीक आहे. उद्या सकाळी मी त्याला फोन करतो. पण तू माझ्या शेजारी बसायचंस. मी एकटा नाही तोंड दाखवणार."

शनिवारी सकाळी शंतनूला फोन करायचा धीर कोणालाच होईना. निमिषने दोनदा फोन उचलून ठेवला. शैलजाताईंना रात्रीची बोलाचाली ऐकू गेली होती, पण त्या मध्ये पडल्या नाहीत. "ठेवा नाहीतर द्या, गाडी धुवून तर ठेवू," एवढंच म्हणून त्यांनी बादली भरली. आपल्या एका फरसाणाच्या डब्याने एवढं रामायण घडवलंय, हे त्यांना टोचत असावं.

तिघं खाली उतरली. इलाला गवतावर चादर टाकून बसवलं. शैलजाताई मोरपंखीवरची पिवळी भुकटी पुसू लागल्या आणि पुसता पुसता, सवयच ती, मायेने ठोकू लागल्या. उजवं मागचं दार, धप्प. वळसा घालून डावं मागचं, धप्प. मग पुढचं.

टण्ण.

त्या थांबल्या. परत ठोकलं. टण्ण. लगबगीने पलीकडे गेल्या, ते पुढचं दार. टण्ण. मग फडकं खांद्यावर टाकून नव्या गाडीकडे गेल्या, तिला ठोकलं, पुन्हा इकडे आल्या.

"स्वानंदी, जरा ये गं. माझ्या कानाला काही झालंय का बघ. हिची मागची दोन दारं माठ, आणि पुढची दोन फरसाणाचे डबे."

स्वानंदीने स्वतः ठोकलं. चारही दारं. मग नवीची चार. जुनीची पुढची दारं आणि नवीची सगळी दारं, आवाजात तिळाचाही फरक नव्हता. तीन वर्षं ती त्याच पुढच्या दाराने आत बसत होती, तोच आवाज ऐकत होती. पण ते दार तिने कधी ऐकलंच नव्हतं. तिचा कान फक्त इलाच्या दाराशी असायचा.

निमिषच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं. "मॅडम टेस्टर, चार दारांपैकी एकच तपासून गाडी पास केलीत? पुण्यात असंच चालायचं?"

"गप बस. मागचीच दारं अशी का, ते सांग आधी."

ते सांगू शकणारा माणूस एकच होता. पार्सिपनीला व्हिडिओ कॉल लागला तेव्हा राजीवकाका बनियनवर, हातात पोह्यांची ताटली.

"काय रे निमिष, मोरपंखी गेली का?"

"जायचीय काका. पण एक सांगा, हिची मागची दारं एवढी जड का वाजतात?"

काका आधी गोंधळले. मग त्यांचा चेहरा असा उजळला, की जणू कोणी शाळेतल्या मित्राचं नाव घेतलं. "अरे, ते मी केलंय! देव आणि जय जुळे ना आमचे. एक झोपला की दुसरा उठायचा. हायवेवर गाडीत एवढा आवाज, की शार्लट गाठेपर्यंत दोघं भोकाड पसरून बसायचे. मग मी काळे जाड शीट मागवले, डांबरासारखे, आवाज दाबणारे. गराजमध्ये मागची दारं आतून उघडली, आणि गरम करून करून चिकटवले."

"माझ्या हेअर ड्रायरने!" मागून सीमाकाकूंचा आवाज आला. "जळाला तो! अजून दुसरा आणून दिला नाही या माणसाने."

"पण काका, मागच्याच दारांना का? पुढच्या नाही?"

"शीट संपले," काका म्हणाले. "आणि पुढे काय, आम्ही दोघंच. आम्हाला कसली आलीय झोप!"

स्वानंदीने फोन हातात घेतला. "काका, म्हणजे कंपनीने ती दारं तशी बनवली नव्हती?"

"कंपनीचं पुढचं दार बघ ना. टण्ण वाजतं. सगळ्याच गाड्यांची वाजतात गं."

"मग मी नव्या गाडीला तसे शीट लावू?"

"अजिबात नको!" काकांनी ताटली खाली ठेवली. "नवीच्या दारात हात घालू नकोस. आत धक्का ओळखणारे सेन्सर असतात, त्यांच्यावरून बाजूच्या एअरबॅग्ज उघडतात. तिथे आपण काही चिकटवायचं नाही. त्या गाडीला तिचं काम करू दे. आणि हे बघ, ते शीट नुसते आवाजाला होते. धडक बसली असती तर त्यांनी काही केलं नसतं. मला तेव्हाही माहीत होतं. पण पोरं झोपली की वाटायचं, आपण काहीतरी केलं."

फोन ठेवल्यावर स्वानंदी मोरपंखीच्या उजव्या मागच्या दारापाशी उभी राहिली. तळहात पत्र्यावर ठेवला. इतके दिवस ती ज्याला पोलाद समजत होती, ते दोन पोरांच्या बापाचं जागरण होतं, आणि एक जळालेला हेअर ड्रायर. तिला हसू आलं, आणि बाहीने डोळेही पुसावे लागले. पराग फार होता.

"शंतनूला काय सांगू?" निमिषने विचारलं.

"सांग, ये म्हणून. आणि त्यांच्या बाळाची सीट घेऊन ये म्हणावं."

ती इलाची सीट काढायला वाकली.

शंतनू आणि केतकी तासाभरात आले. केतकी सावकाश चालत होती, एक हात कमरेवर. बाळाची सीट अजून खोक्यात होती.

"सूचना वाचल्या मी," शंतनू म्हणाला, "पण वहिनी, मला तर काही झेपत नाहीये ते."

"सूचनांत नाहीच ते. इकडे बघ. हिचे सीट अडकवायचे हुक पार गादीत बुडालेत. आधी हाताने चाचपायचे. सापडले की अडकवायचं, मग गुडघा रोवायचा सीटच्या बुडात. सगळं वजन टाक. टाक रे, लाजतोस काय! आणि आता पट्टा ओढ."

शंतनूने घामाघूम होत पट्टा ओढला. स्वानंदीने सीट बुडाशी धरून हलवून बघितली. हलली. "परत." दुसऱ्यांदा ती तसूभरही हलली नाही. हा गुडघा तिला गाडीच्या आधीच्या मालकिणीने शिकवला होता, तिला तिच्या आधीच्या बाईने, आणि तिला सीमाकाकूंनी.

केतकीने दार लावलं. धप्प.

"बापरे, किती सॉलिड आहे हो ही! पूर्वीच्या गाड्या मजबूतच."

स्वानंदीने शैलजाताईंकडे पाहिलं. शैलजाताई आभाळाकडे बघू लागल्या.

"तो नुसता आवाज आहे गं," स्वानंदी म्हणाली. "आमच्या राजीवकाकांनी केलेला. पुढची दारं ठोकून बघ." आणि तिने सगळी गोष्ट सांगितली, ड्रायरसकट. "ब्रेक नवे घातलेत, टायर चांगले आहेत, एअरबॅग्ज आहेत. गाडी चांगली आहे. फक्त दारावर विसंबून वेगात जाऊ नका."

केतकीने पुढचं दार ठोकून पाहिलं आणि फिसकन हसली. मग जाऊन मागेच बसली, रिकाम्या बाळसीटच्या शेजारी.

"अगं, पुढे ये ना! मी काय ड्रायव्हर आहे?" शंतनू म्हणाला.

"सध्या तरी हो. मला झोपायचंय. इथे झोप लागते म्हणतात."

मोरपंखी वळणावरून दिसेनाशी झाल्यावर स्वानंदीने इलाची सीट नव्या गाडीत ठेवली. हुक समोरच होते, उघडे. क्लिक, क्लिक. गुडघा लागलाच नाही. तिने तरी एकदा रोवला. सीट बुडाशी धरून जोर लावून हलवली, आणि सीटऐवजी अख्खी गाडी हलली.

इलाला बसवून तिने पट्टे लावले, छातीवरची क्लिप वर सरकवली, बोट घालून पट्ट्याचा ताण बघितला. निमिष स्टिअरिंगवर बसला होता, शैलजाताई त्याच्या शेजारी. आज कोणी घाई करत नव्हतं. स्वानंदीने वळसा घातला, इलाच्या शेजारी येऊन बसली आणि आपल्या बाजूचं दार ओढून घेतलं.

टण्ण.

इलाने मान वळवून दाराकडे बघितलं. क्षणभर विचार केला.

"धप्प," ती समाधानाने म्हणाली, आणि अंगठा तोंडात घातला.

"चल रे," स्वानंदी निमिषला म्हणाली. "पण हळू."