वरच्या ओढ्याजवळचं घरटं

“बोल की वहिनी. नऊ वर्षांनी माझी पायरी चढलीस, ती काय नुसती धापा टाकायला?”

नूरोआ झाडू हातात धरून दारातच उभी राहिली. ये म्हणाली नाही. तेपाएरुनं काठी भिंतीला टेकवली. रारोटोंगा बेटावरच्या इस्पितळात तिनं तीस वर्षं चादरी धुतल्या, पण कुणापुढे हात पसरला नव्हता.

“गुडघा गेलाय माझा. आज उंदरांच्या विषाच्या वड्या ठेवायला डोंगरावर जायचंय.”

“मग?”

“तू जा.”

नूरोआ खदखदून हसली.

तेपाएरुचा नवरा वारला, तेव्हापासून या नणंद-भावजयींत अबोला. भावाला आईबापांशेजारी माहेरच्या अंगणात पुरावं, हा नूरोआचा हट्ट. तेपाएरुनं त्याला आपल्याच दारापुढे पुरलं. मग चर्चमध्येही दोघी दोन टोकांच्या बाकांवर. तेपाएरुचा नवरा काकेरोरींसाठी उंदीर मारायचा. मुठीत मावतील एवढी ती पाखरं, रानातले किडे टिपणारी, जगात फक्त आमच्या बेटांवरची. एकेकाळी जेमतेम तीस उरली होती. विणीच्या दिवसांत दर आठवड्याला रानात मांडलेल्या नळ्यांत विष ठेवलं नाही, तर उंदीर घरटी साफ करतात. त्याच्यामागं ते काम तेपाएरुनं मुकाट्यानं उचललं.

“पोरांना सांग ना.”

“पोरं ऑकलंडला. आणि वरच्या ओढ्याजवळ घरटं आहे. पिल्लं नुकतीच अंड्यांतून बाहेर आलीत. आजचा दिवस चुकला तर संपलं.”

“माझ्या भावाला दिलं नाहीस, आणि पाखरांसाठी माझ्या दारात येतेस!”

“हो. स्वतःसाठी आले नसते.”

 नूरोआनं झाडू कोपऱ्यात फेकला.

“आण ती पिशवी. वाट नीट सांग. आणि मी मेले, तर मला तरी आईजवळ पुरा.”

दुपारभरात पावसाच्या दोन सरी येऊन गेल्या. तेपाएरु आपल्या ओसरीवर डोंगराकडे डोळे लावून बसली. निसरड्या कड्यावर साठीच्या बाईला पाठवलं, म्हणून स्वतःला शिव्या देत होती. उन्हं कलल्यावर नूरोआ आली. झगा फाटलेला, गुडघ्यांपर्यंत चिखल.

“ठेवल्या सगळ्या नळ्यांत. ओढ्याजवळच्या जुन्या वड्या पार कुरतडल्यात मेल्यांनी.”

“घरटं?”

“दोन चोची. आ वासून बसल्यात. आणि तो बाप! राखाडी, म्हातारा, एवढासा जीव; पण घरट्याखाली उभी राहिले तर डोक्यावर घिरट्या घालून नुसता ओरडतोय. दादासारखाच तापट...”

ती थांबली.  तेपाएरुनं नूरोआचा हात ओढून उजेडात धरला. तळव्यात लांबलचक काटा रुतला होता. तिनं आपल्या झग्याला टोचलेली टाचणी काढली.

“दुखेल.”

“दुखू दे. काढ तू.”

दोन पांढरी डोकी त्या तळव्यावर वाकली.