प्लेनरी: सगळे म्हणजे सगळे

मित्रांनो, मी एक जुने आणि खानदानी इंग्रजी विशेषण आहे. माझ्या परवानगीशिवाय या जगात काहीही पूर्ण होत नाही. सध्या माझा मुक्काम इंग्लंडात, लँकेशायरमधल्या एका सामायिक, वाफे वाटून घेतलेल्या भाजीमळ्याच्या खोपटात, नियमांच्या फळीवर, खताच्या पोत्यांमागे आहे.

माझे नाव प्लेनरी. घराणे लॅटिन, अर्थ 'पूर्ण'. पाद्र्यांनी मला पापांच्या शिक्षेच्या संपूर्ण माफीला जोडले, राजांनी दूतांच्या पूर्ण अधिकाराला. माझा चुलतभाऊ 'कम्प्लीट' कुणाच्याही गळ्यात पडतो. कपबशांच्या संचापासून गावातल्या मूर्खापर्यंत त्याला सगळे चालते. मला नाही चालत. मी सभेला लागलो, की हक्काचा प्रत्येक माणूस हजर हवा. नुसती गर्दी बघून मी भुलत नाही.

फळीवर लिहिले होते, मळ्याची जमीन दुसऱ्या कामाला द्यायची तर प्लेनरी सभेतच. अध्यक्ष ऑर्मेरॉड यांना तिथे मोटारी उभ्या करायच्या होत्या. सभासद तेरा. त्यांना धरून सहा त्यांच्या बाजूचे, सहा विरुद्ध, आणि तेरावी एडना एंटविसल पाय मोडून घरी. बरोबरी झाली की अध्यक्षांचे जादा मत आणि मळा गेला, एडनाच्या वाफ्यासकट!

आमच्याकडे सभेची सुरुवात गैरहजरांच्या दिलगिरीने होते. ती वाचली, की न आलेला माणूस जणू येऊन गेला, असा सगळ्यांचा समज.

"एडनाबाईंची दिलगिरी आलीय," ऑर्मेरॉड म्हणाले. "म्हणजे झाले सगळे. चला, हात वर करा."

मी फळीवर ताठ झालो. दिलगिरीला हात असतात का?

"थांबा," म्हातारा हेस्केथ गुरगुरला. घेवड्याच्या वेलांवरून त्याचा आणि एडनाचा कित्येक वर्षे अबोला होता. "आधी फळी वाचा."

"अहो, तुम्हाला तर तिचं तोंड बघवत नाही!"

"नाहीच बघवत. पण सगळे म्हणजे सगळे. ती भवानी धरून."

"मग काय, खाटेसकट उचलून आणू तिला?"

"नको. आपणच जाऊ. तिच्याकडे केकही असतो."

केक म्हटल्यावर ऑर्मेरॉड यांची माणसेसुद्धा उठली. फळी काखेत मारून हेस्केथ पुढे, बाकीचे मागे.

एवढा जमाव स्वयंपाकघरात शिरलेला पाहून एडना ओरडली, "का रे, मी मेले असं कुणी सांगितलं?"

मतदान झाले. एडनाने चमच्यासकट हात वर केला आणि मळा वाचला.

"घेवड्याचं भांडण मिटलेलं नाही हं," हेस्केथ म्हणाला.

"मिटवायचंय कुणाला? केक घे."

मित्रांनो, मला जीर्ण म्हणा, अवघड म्हणा, पण मी वाकणार नाही. हक्काचा एकही माणूस बाहेर ठेवायचा असेल, तर माझे नाव घेऊ नका. शब्द अर्धवट वापरला की आतून पोखरतो. त्याला जपा.

आणि एक विनंती. सगळे मिळून कुणाच्या घरी जाल, तेव्हा दारातल्या पायपुसण्यावर बूट तेवढे पुसा.